चार दिवसांनी कळणारे विष

पावसाने जोर धरला की शेतातले उंदीर घरांकडे वळतात आणि त्यांच्या मागोमाग उंदराचे औषध घरात येते. छत्रपती संभाजीनगरात सातारा-देवळाईसारख्या भागांत एका अंगाला नवी रो-हाऊस आणि दुसऱ्या अंगाला मका-कपाशीची शेते अशी सरमिसळ वस्ती आहे. तिथे हा दरसालचा क्रम. जुन्या शहरातल्या वाड्यांना आणि मोंढ्यालगतच्या घरांना तर तो बारमाही. गॅसच्या टाकीमागे, जिन्याखाली, किंवा नळाला रोज पाणी न येणाऱ्या या शहरात घरोघरी असणाऱ्या ड्रमच्या आडोशाला निळी-हिरवी वडी ठेवली जाते. दोन दिवसांनी ती दिसेनाशी झाली की घरातले खूश होतात : उंदराने खाल्ली! ज्या घरात कुत्रा आहे, तिथे हा निष्कर्ष जरा घाईचा आहे.

‘मुक्या जनावराला उपजत कळते, विषारी वस्तूला ते तोंड लावत नाही,’ हा आपल्याकडचा जुना समज. कुत्र्याच्या बाबतीत तो खरा नाही. माणसाच्या जिभेवर नऊ हजारांच्या आसपास रुचिकलिका असतात, कुत्र्याच्या जिभेवर सतराशेच्या घरात. तो वासावर जातो आणि मिळेल ते गिळतो. उंदराला भुरळ पडावी म्हणून वडीत धान्याचा भरडा, गोडवा आणि तेल घातलेले असते. तोच वास कुत्र्यालाही आवडतो.

बाजारातल्या बहुतेक वड्यांमध्ये ब्रोमॅडिओलोन नावाचे रसायन असते. प्रमाण अगदी नगण्य वाटावे असे, ०.००५ टक्के. कुत्र्याने अशा वड्या खाल्ल्या तर त्या दिवशी काहीही होत नाही. तो संध्याकाळी फिरायला जातो, भाकरी-दूध खातो, शेपूट हलवतो. दुसरा दिवसही तसाच जातो. ‘पचवले गड्याने’ म्हणून घर निर्धास्त होते. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी तो मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, धाप लागते. कधी नाकातून किंवा शौचावाटे रक्त जाते, कधी सांध्यात रक्त साचल्याने तो नुसताच लंगडतो आणि ‘उडी मारताना पाय मुरगळला असेल’ म्हणून आणखी एक दिवस वाया जातो. छातीत किंवा पोटात झालेला रक्तस्राव तर बाहेरून दिसतही नाही.

हा उशीर का होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यासाठी के जीवनसत्त्व लागते. एकदा वापरलेले जीवनसत्त्व शरीर पुन्हा ताजे करून वापरते. ब्रोमॅडिओलोन हे ताजे करण्याचे कामच बंद पाडते. पण आधी तयार असलेले घटक रक्तात शिल्लक असतात, ते संपेपर्यंत सगळे सुरळीत दिसते. साठा संपला की मग साधी आतली खरचटही थांबत नाही.

या रसायनाच्या घराण्याचा शोध जनावरांच्याच गोठ्यात लागला. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला गोड क्लोव्हर हा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांनी त्या चाऱ्यातला घटक वेगळा काढला. त्यातून पुढे वॉरफरिन तयार झाले आणि १९४८ मध्ये ते उंदराचे औषध म्हणून बाजारात आले. सहा वर्षांनी तेच माणसांना रक्त पातळ करण्यासाठी दिले जाऊ लागले. हृदयाची झडप बदललेल्या आजोबांच्या उशाशी जी गोळी असते आणि जिच्यासाठी दर महिन्याला रक्त तपासावे लागते, ती याच कुळातली. उंदीर वॉरफरिनला दाद देईनासे झाले, म्हणून ब्रोमॅडिओलोनसारखी पुढच्या पिढीची औषधे आली. ती कितीतरी जास्त प्रभावी आहेत आणि यकृतात आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसतात.

दिलासा असा की याला नेमका उतारा आहे : के-१ जीवनसत्त्व. नवजात बाळाला जन्मताच टोचतात तेच. वडी खाऊन दोन-चार तासच झाले असतील तर पशुवैद्य इंजेक्शनने उलटी करवून बरेचसे विष बाहेर काढू शकतात. नंतर के-१च्या गोळ्या तीन-चार आठवडे चालतात. चार दिवस देऊन कुत्रा टवटवीत झाला म्हणून त्या बंद केल्या, तर यकृतात दबून राहिलेले औषध पुन्हा डोके वर काढते. गोळ्या संपल्यावर ४८ तासांनी रक्त गोठण्याची तपासणी करून मगच निश्चिंत व्हायचे असते. केमिस्टकडे कधी के-३ पुढे केले जाते. नाव जवळचे असले तरी ते या कामाचे नाही.

अडचण पुढे आहे. ‘उंदराचे औषध’ या एकाच नावाने दुकानात आणखी एक पूड मिळते. काळपट करड्या रंगाची, लसणासारख्या उग्र वासाची. ते झिंक फॉस्फाइड. पिठात गूळ-तेल घालून, त्यात ही पूड कालवून शेताच्या बांधावर आणि घरातही गोळ्या ठेवल्या जातात. जठरातल्या आम्लाशी गाठ पडताच त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. इथे चार दिवसांचा अवधी मिळत नाही. काही तासांत उलट्या, पोटफुगी, धाप आणि झटके सुरू होतात. याला उतारा नाही, के जीवनसत्त्व इथे निरुपयोगी. धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतूनही हाच वायू निघतो. अशा कुत्र्याला गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवाव्या लागतात, कारण त्याच्या उलटीतून सुटणारा वायू शेजारी बसलेल्यालाही बाधतो.

म्हणजे एकाच नावाखाली दोन विषे, दोन वेळापत्रके आणि दोन निराळे उपचार. दवाखान्यात पोहोचल्यावर ‘काय खाल्ले?’ या प्रश्नाला ‘उंदराचे औषध’ एवढेच उत्तर मिळाले, तर पशुवैद्याने अंदाज तरी कशाच्या आधारे बांधायचा? १९६८चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालचे नियम यांनी याची सोय केलेली आहे. पाकिटावर घटकाचे नाव हवे, विषारीपणाची पातळी दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण हवा, आत लक्षणे, प्रथमोपचार आणि उतारा सांगणारे पत्रक हवे. पण पूड कागदाच्या पुडीत सुटी विकली गेली की हे सगळे दुकानातच राहते. घरी आलेले पाकीटही वडी ठेवल्याबरोबर कचऱ्यात जाते. कुत्रा असलेल्या घराने सुटे औषध घेऊच नये. बंद पाकीट घेतले तर ते जपून ठेवावे, निदान मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. त्याहून सोपा उपाय म्हणजे तारेचा जुना पिंजरा. त्याला खोबऱ्याचा तुकडा पुरतो.

विष पोटात गेल्याचा संशय येताच घरात जे उपाय सुरू होतात, त्यांतले काही विषाइतकेच घातक असतात. पहिला मान दुधाचा आणि तुपाचा. दूध विष मारते, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पण स्निग्ध पदार्थांत विरघळणारी काही विषे दुधा-तुपाबरोबर उलट अधिक वेगाने अंगात भिनतात. झिंक फॉस्फाइड खाल्लेल्या कुत्र्याला पोळी किंवा दूध दिले तर जठरात आम्ल आणखी सुटते, म्हणजे वायू आणखी सुटतो. दुसरा उपाय मिठाच्या पाण्याचा. उलटी झाली नाही तर ते मीठ रक्तात उतरते आणि मेंदूवर परिणाम करून झटके आणते. तिसरा, घशात बोटे घालण्याचा. फिनाइल, रॉकेल किंवा संडास साफ करायचे आम्ल पोटात गेले असेल तर उलटी करवणे म्हणजे तोच दाह अन्ननलिकेला दुसऱ्यांदा देणे, शिवाय फुप्फुसात शिरण्याचा धोका. या तिन्ही उपायांत अर्धा-पाऊण तास जातो तो निराळाच.

आता दुसरा प्रकार. यात विष कुत्र्याला चुकून मिळत नाही, घरातलेच कोणीतरी मायेने भरवते. कुत्रा तापला, कण्हू लागला, की डब्यातली पॅरासिटामोल पुढे येते. ६५० मिलिग्रॅमची गोळी पासष्ट किलोच्या माणसाला किलोमागे १० मिलिग्रॅम पडते. पाच किलोच्या पॉमेरेनियनला तीच गोळी किलोमागे १३० मिलिग्रॅम होते, आणि कुत्र्याच्या यकृताला इजा होण्याची भीती किलोमागे शंभरच्या आसपास सुरू होते. मांजराच्या शरीरात तर हे औषध मोडण्याची यंत्रणाच तोकडी. तिच्यासाठी एक गोळी जीवघेणी ठरू शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची औषधे कुत्र्याच्या जठरात व्रण करतात आणि मूत्रपिंडे निकामी करतात. माणसाला रोज चालणारे औषध दुसऱ्या जिवाला किती महागात पडते, हे डायक्लोफिनॅकने एकदा दाखवून दिलेच आहे. ते टोचलेल्या गुरांची मढी खाऊन भारतातली गिधाडे जवळपास नामशेष झाली, आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणावी लागली.

गोचिडांच्या औषधाची गोष्ट याच माळेतली. ज्यांची शेती आणि गुरे अजून गावी आहेत, अशी कुटुंबे या शहरात पुष्कळ. गोठ्यातली अमिट्राझची किंवा सायपरमेथ्रिनची बाटली शहरातल्या कुत्र्यासाठी येते, टोपणाने अंदाजे मोजली जाते आणि ‘थोडे कडक केले तर एकदाच काम होईल’ म्हणून पाणी कमी घातले जाते. ओले अंग कुत्रा चाटतो. अमिट्राझ पोटात गेले की तो गुंगल्यासारखा पडतो, नाडी मंदावते. औषध लावल्यावर दमला असेल, म्हणून त्याला झोपू दिले जाते! लेबलावरचे प्रमाण, अंग पूर्ण वाळेपर्यंत गळ्यात आडवी पट्टी, आणि घरात मांजर असेल तर तिला दुसऱ्या खोलीत ठेवणे, एवढे पाळले तरी पुरे.

स्वयंपाकघरातही अशा गोष्टी आहेत आणि त्यांच्याकडे संशयाने कोणी पाहत नाही. कांदा घ्या. त्यातले गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा त्यासाठी पुरतो, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक-दोन मध्यम कांदे. शिजवल्याने हा दोष जात नाही. नान-खलियाच्या पंगतीनंतर रश्श्याने माखलेली हाडे मोठ्या प्रेमाने कुत्र्यापुढे येतात; त्यांत हाडाचा धोका वेगळा आणि कांदा-लसणाचा वेगळा. याही वेळी थकवा आणि लालसर लघवी दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. तोवर ती पंगत कोणाच्या लक्षातही नसते.

द्राक्षे आणि मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडे बंद पडतात, हे पशुवैद्यांना वीसेक वर्षांपासून ठाऊक आहे, पण का, हे कोडेच होते. एखादा कुत्रा घडच्या घड खाऊन ठणठणीत, तर दुसरा मूठभर मनुकांनी अत्यवस्थ. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या विषतज्ज्ञ पशुवैद्यांनी एक नवा धागा मांडला. केकसाठी वापरली जाणारी क्रीम ऑफ टार्टर आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडेही अगदी तशीच निकामी झाली होती. तिन्हींत समान घटक एकच, टार्टारिक आम्ल. द्राक्षाच्या जातीनुसार आणि पिकण्याच्या अवस्थेनुसार त्याचे प्रमाण बदलते, म्हणून परिणामही बदलतो. संशोधकांनी हे अजून संभाव्य कारण म्हणूनच मांडले आहे. पण मराठी घराला ते फार जवळचे आहे. आमटीतल्या चिमूटभर कोळाने काही बिघडेल असे नाही. मात्र उन्हाळ्यात अंगणात वर्षभराची चिंच फोडून वाळत घातलेली असते, आणि नैवेद्याच्या शिऱ्यातल्या मनुका मुले हळूच खाली टाकतात. ‘आमचा तर नेहमी खातो, त्याला काही होत नाही,’ हा युक्तिवाद इथे सर्वांत फसवा.

चॉकलेटचे बहुतेकांना माहीत असते. त्यात कडवट, गडद चॉकलेट सर्वांत वाईट. त्या मानाने झायलिटॉल कमी लोकांना ठाऊक आहे. साखरविरहित च्युइंगगम आणि काही गोळ्या-टूथपेस्टमध्ये ही गोडी असते. माणसात ती निरुपद्रवी. कुत्र्यात मात्र तिने एकदम इन्सुलिन सुटते आणि अर्ध्या तासात रक्तातली साखर कोसळू शकते. मधुमेही माणसाच्या घरातल्या सगळ्याच ‘शुगर-फ्री’ वस्तूंना घाबरायचे कारण नाही, स्टीव्हिया किंवा सुक्रालोजने असे होत नाही. घटकांच्या यादीत झायलिटॉल आहे का, एवढे पाहायचे.

बागेकडे वळले तर ‘सेंद्रिय’ या शब्दाने दिलासा मिळत नाही. कुंड्यांना घालायची एरंडीची पेंड कुत्र्यांना फार आवडते आणि ती नीट प्रक्रिया केलेली नसेल तर तिच्यात रिसिन हे जहाल विष शिल्लक असू शकते. हिरवळीच्या मधोमध शोभेला लावलेल्या सायकसच्या बिया यकृत निकामी करतात, कण्हेरीचे पानफूल हृदयाचे ठोके बिघडवते. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात गोगलगायींनी सोयाबीन फस्त केले. गोगलगायींसाठी वापरल्या जाणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या दिसायला थेट कुत्र्याच्या खाद्यासारख्या. त्या खाल्ल्या की एक-दोन तासांत अंग थरथरू लागते आणि ताप झपाट्याने चढतो. शेतावर राखणीला असलेल्या कुत्र्याचा विचार त्या पसरताना क्वचितच केला जातो. फवारणीच्या औषधांचे तर सांगायलाच नको. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते उघड्या रानात. ओसरीवर ठेवलेला अर्धा डबा आणि न धुतलेला पंप कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवरच असतो. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, बुबुळ टाचणीएवढे आणि अंगाला कंप दिसला तर फवारणीचे औषध, हे ओळखावे आणि निघावे.

या सगळ्यात निर्णय कशावर घ्यायचा, हा कळीचा मुद्दा आहे. कुत्रा कसा दिसतो यावर नव्हे, त्याने काय आणि किती खाल्ले असावे यावर. सकाळपर्यंत बघू, हा सल्ला ब्रोमॅडिओलोन, कांदा, मनुका किंवा सायकसच्या बाबतीत सर्वांत महाग पडतो, कारण सकाळी कुत्रा ठीकच दिसणार असतो. निघताना पाकीट, उलटी झाली असेल तर तिचा नमुना बरणीत, खाल्ल्याची अंदाजे वेळ आणि कुत्र्याचे वजन एवढे बरोबर असले की डॉक्टरांचे अर्धे काम होते.

अर्थात, निघायचे कुठे, हा प्रश्न नागरिकाने एकट्याने सोडवायचा नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये प्राण्यांच्या विषबाधेसाठी चोवीस तास चालणारी दूरध्वनी सेवा आहे. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे, पण ते माणसांसाठी. १९६२ या क्रमांकावरची फिरत्या पशुवैद्यकीय पथकांची सेवा आहे ती प्रामुख्याने पशुधनासाठी. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या विषशास्त्र विभागांना आणि नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाला हाताशी धरून राज्य सरकारने मराठीत बोलणारी अशी एक सेवा उभी करणे मुळीच अवघड नाही. विचारणारा कुत्र्याविषयी विचारो वा वासराविषयी, विषे तीच आहेत.

शहरापुरते काम त्याहून सोपे आहे. पाळीव कुत्र्याचा परवाना घ्यायला येणाऱ्याच्या हाती महापालिकेने एक पानाचे पत्रक द्यावे : रात्री सुरू असणारे दवाखाने, त्यांचे क्रमांक, आणि घरात ठेवू नयेत अशा वस्तू. खडकेश्वरच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात के-१, अ‍ॅट्रोपिन आणि वैद्यकीय कोळशाचा साठा कायम राहील याची हमी पशुसंवर्धन विभागाने घ्यावी. ही औषधे दुर्मीळ नाहीत. फवारणीच्या विषबाधेवर माणसांना अ‍ॅट्रोपिनच दिले जाते, आणि के-१ प्रत्येक प्रसूतिगृहात असते. कृषी विभागाच्या निरीक्षकांनी पावसाळ्याच्या तोंडावर बियाण्यांची दुकाने तपासताना सुट्या पुड्यांत विकली जाणारी उंदराची पूडही तपासावी. लेबल नसलेली पुडी विकणे हा आजही गुन्हाच आहे. त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही.